गफूरभाईची हवालात

आमच्या गल्लीत नवीन झाड आलं की आधी त्याला अटक होते.

मग ते कोणी नर्सरीतून आणलेलं असो की कोणाला भेट मिळालेलं. गफूरभाईला वास लागतो. तो येतो, कुंडी तिरपी करून पाहतो, पान दोन बोटांत चिमटतो, आणि मालकाच्या तोंडाकडे न बघता एक फांदी मोडून घेऊन जातो. ती फांदी त्याच्या दुकानात एका काचेच्या बरणीत जाते. किराणा दुकानात बिस्किटाच्या असतात तशा बरण्या. तळाला गिट्टी, वर कोळसा, वर ओली माती, आणि झाकण पक्कं बंद. आत ना वारा ना ऊन. सकाळी पाहिलं तर बरणी आतून घामेजलेली. अशा बरण्यांची फळीवर रांग आहे, आणि त्या रांगेला तो हवालात म्हणतो. आत जो तगला तो सुटला. जो सडला त्याच्याबद्दल गफूरभाई एकच वाक्य बोलतो, "कच्चा निकला." आणि बरणी धुवायला घेतो.

त्याचं गडचांदूरला काचेचं दुकान आहे. फोटोच्या फ्रेमा, खिडकीच्या काचा, मासे ठेवायच्या पेट्या. माझं घर त्याच्या घराला लागून, मधे एक भिंत. मी खदानीत राबून म्हातारा झालो. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण झाडाचं मला कोणी शिकवू नये. माझं मूळ गाव आरमोरीकडलं, धानाच्या बांधावर वाढलेला माणूस मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गफूरभाईला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

त्याचा एक सवाल आहे. कुठल्याही वस्तूला तो हाच सवाल करतो. "टिकन का?"

चप्पल घेतली, टिकन का. रस्ता झाला, टिकन का. माझ्या पोरीला पाहायला पाहुणे आले तेव्हा हा शेजारी म्हणून बैठकीत बसला होता. पोराची नोकरी विचारली नाही, शेती विचारली नाही. मुलगा चहा घेत होता तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबून पाहिला, जशी काच पाहतात तशी, आणि मला म्हणतो, "मेश्रामभाऊ, टिकन." मुलाच्या बापाचा चेहरा असा झाला की सोयरीक तिथंच मोडते की काय असं मला वाटलं. मागच्या गल्लीत एक म्हातारा वारला तर यानं तिरडीचा बांबू ठोकून पाहिला. मी कानात म्हटलं, "गफूरभाई, घाटापर्यंतच न्यायचं हाय." तर म्हणतो, "तरी बी पाहून घ्यावं ना बाप्पा."

तर असा माणूस. त्याला काचेत झाडं लावायचं वेड कसं लागलं, ते सांगितलं पाहिजे.

शमीमभाभी म्हणजे त्याची बायको. तिला छातीचा त्रास. दोन पावलं चालली की दम भरतो. तिच्या अंगणात कुंड्याच कुंड्या होत्या. तेलाचे डबे, फुटके माठ, जुनी बादली, जे हाती लागेल त्यात ती काहीतरी लावायची. गडचांदूरात पानाचा रंग बघायचा तर आधी पान पुसावं लागतं, इतकी इथं धूळ. भाभी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. मग चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की धूळ नको, माती नको, कुंड्या नको, बाईला खोलीत ठेवा आणि खिडकी लावून घ्या. पोरगी लग्न होऊन बल्लारपूरला, पोरगा हैदराबादला. खोलीत भाभी, पलंग, आणि श्वासाची मशीन. कुंड्या गफूरभाईनं गल्लीत वाटून टाकल्या. वाटताना प्रत्येकाला सांगितलं की बाईसमोर या कुंडीचं नाव काढू नका.

भाभी रडली वगैरे नाही. बोलणं मात्र कमी झालं. दिवसभर बंद खिडकीकडे पाहत पडायची.

तेव्हा यानं डॉक्टरला जाऊन विचारलं की साहेब, झाड काचेत बंद असलं तर. डॉक्टर हसला, म्हणाला, पेटी उघडणार नसाल तर खुशाल ठेवा. झालं. गफूरभाईनं मासे ठेवायची एक मोठी पेटी घेतली, वरून काचेचं झाकण बसवलं, फट राहू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. भाभीच्या पलंगासमोर स्टुलावर ठेवली. आणि मला येऊन म्हणाला, "मेश्रामभाऊ, असं झाड सांगा जे मरनार नाई. तिच्या डोयासमोर आता काईच मेलं नाई पाहिजे."

आता असं विचारल्यावर मी मागं हटणार का.

मी कोरफड सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात ज्याला उन्हाळा मारत नाही त्याला कोण मारणार. मे महिन्यात इथं लोखंडाच्या गेटला हात लागला तर फोड येतो, आणि कोरफड कुंपणावर उलटी पडूनही हिरवी राहते. माझ्या घरामागून मी स्वतः खोदून दिली, चांगली जाडजूड. पेटीत लावली, झाकण लावलं. आठवडा गेला नसेल, कोरफड काचेला टेकली. मग बुडातून पिवळी, मग पाणी पाणी. एके दिवशी सकाळी ती उभ्या उभ्या वितळून बसली, उरलेल्या साबणासारखी. भाभीनं त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच परत केलं.

गफूरभाई माझ्या दारात. "तुमची कोरफड कच्ची निकली."

"कोरफड कच्ची नसते," मी म्हटलं. "तुमी मारली तिले. पानी जास्त घातलं."

"पानी म्या घातलंच नाई. पेटी बंद हाय ना. त्याचंच पानी वर चढते, त्याचंच खाली पडते."

"मंग काच खराब असन."

काचेला नाव ठेवलं तसा तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पण बोललो नाही. कोरफडीचं मी आजही तेच म्हणतो.

पण हवालात त्याच वेळी सुरू झाली. भाभीसमोर थेट काही लावायचं नाही, आधी दुकानात बरणीत घालून पाहायचं, असं त्यानं ठरवलं. आणि मी, माझी झाडाची अक्कल खोटी ठरू नये म्हणून, माल पुरवत राहिलो. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या भेगेतही फुलणारी सदाफुली नेली. तिला आत कापसासारखी बुरशी आली. निवडुंग नेला. तो आतून पोकळ झाला. पानफुटी नेली, जिचं पान भिंतीला टाचलं तरी त्यातून रोप येतं. ती लांबच लांब वाढून मान टाकून मेली. गफूरभाई दरवेळी बरणी माझ्यासमोर धरायचा, "कच्चा निकला" म्हणायचा आणि धुवायला घ्यायचा. एवढा अपमान मला खदानीतल्या मुकादमानं केला नव्हता.

बरं, दुकानात गिऱ्हाईक उभं. कोणाला वडिलांचा फोटो फ्रेम करून पाहिजे, उद्या तेराव्याला लावायचा आहे. हा डोळ्याला चष्मा लावून बरणीत पाहतो आणि म्हणतो, "थांबा, याले मुया फुटून राह्यल्या." एकदा एका बाईनं विचारलं, "बरणीत लोणचं हाय का हो?" तर म्हणाला, "नाई, कैदी हाय." ती बाई पुन्हा त्या दुकानात आली नाही.

शेवटी मी वैतागून भाभीकडेच गेलो. म्हटलं, "भाभी, तुमी तरी समजवा यायले. दुनियेतलं टणक झाड आनून देलं, एक बी जगवलं नाई."

भाभी उशीला टेकून बसली होती. थांबून थांबून बोलली, दम पुरवत. "भाऊ, तुमी उन्हानं न मरनारं झाड आनून राह्यले. इथी तं मरन पान्याचं हाय."

मी म्हटलं, टणक ते टणक.

ती म्हणाली, "तुमाले विहिरीत ठेवलं तं टिकान का?"

मला राग आला. घरी आलो, जेवलो, झोपलो, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. आमच्याकडे झाडाची ताकद उन्हात पाहतात. मे महिना काढला की झाड पास. चिखलात, सावलीत, कोंदट जागी जे येतं त्याला आम्ही झाड म्हणतच नाही, त्याला घाण म्हणतो आणि खराट्यानं घासून काढतो. मोरीजवळचं शेवाळ. भिंतीच्या ओलीतलं ते काचेसारख्या दांडीचं बारीक रोप. हे मला भाभीनं शिकवलं असं कोणी समजू नये. ती बोलली नसती तरी मला एक-दोन दिवसांत सुचलंच असतं.

पुतण्याच्या लग्नाला एटापल्लीला गेलो होतो तेव्हा मांडवामागच्या नाल्यातून शेवाळ धरलेला एक दगड उचलून आणला. नवीन धोतरात गुंडाळून. लग्नातले लोक म्हणाले, बुढा आहेरात दगड घेऊन चालला. ते शेवाळ हवालातीत असं पसरलं की गफूरभाईनं पहिल्यांदा बरणीवर बोट वाजवून म्हटलं, "ये टिकन." त्यासोबत एक गोगलगाय आली होती. चंद्रपूरच्या नर्सरीतून त्यानं एक पांढऱ्या जाळीच्या पानाचं नाजूक रोप आणलं होतं. ते बसमध्येच बेशुद्ध पडलं, बरणीत गेल्यावर तासाभरात उठून बसलं. "नाटकी हाय," गफूरभाई म्हणाला, "पन दमाचं हाय." त्याची दोन पानं त्या गोगलगाईनं खाल्ली. तर यानं मलाच दोष दिला की तुम्ही चोर घेऊन आले. मनीप्लांट लावून पाहिला, त्यानं पेटीभर कब्जा केला, बाकीच्यांना दाबून टाकलं. त्याला तडीपार केलं, म्हणजे माझ्या संडासाच्या भिंतीवर आणून सोडलं, मला न विचारता.

सुटलेले भाभीच्या पेटीत गेले, तरी पेटीच्या मधोमध जागा रिकामीच होती. शेवाळ खाली, जाळीचं पान कोपऱ्यात, मधे काहीतरी उभं पाहिजे. आणि भाभी त्या रिकाम्या जागेकडेच बघायची.

मग मला आमच्या गावची विहीर आठवली.

ती जुनी विहीर, आता कोणी पाणी भरत नाही. आतल्या दगडांच्या कपारीतून काळ्या केसासारख्या दांडीचं, बारीक बारीक पानांचं झाड लोंबतं. हंसराज म्हणतात त्याला. ऊन त्यानं जन्मात पाहिलेलं नसतं. मी आरमोरीची बस धरली. गावात जाऊन एका बांबूला विळा बांधला, विहिरीच्या काठावर पोटावर झोपलो आणि हात खाली सोडला.

आता माझ्या वयाचा माणूस भर दुपारी पडक्या विहिरीवर पालथा पडून खाली पाहतो म्हटल्यावर गाव गोळा होणारच.

"बुढ्या, बाल्टी पडली का?" एक जण.

"नाई."

"मंग काय पाहून राह्यला?"

"झाड."

मग एक म्हातारी पुढं आली. लहानपणी माझ्यासोबत शेणं वेचलेली. ती माझ्या पायाजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "घरी काई झालं का रे? सून जेवाले देत नाई का? चाल माह्या घरी, भात हाय."

मी म्हटलं, "माझी सून चांगली हाय. मले झाड काढू दे."

"हो, हो," ती म्हणाली, आणि माझा एक पाय घट्ट धरून बसली. दुसरा पाय अजून कोणीतरी धरला. असे दोन्ही पाय गावानं धरलेले असताना मी हंसराज काढला, मुळ्यांसकट, चिकटलेल्या मातीसकट. बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे असे पाहत होते, जसा काही यांनीच मला जन्म दिला. भात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

हंसराज ओल्या दुपट्ट्यात बांधून जेवणाच्या डब्यात ठेवला. बसमध्ये दर थांब्यावर झाकण उघडून पाणी शिंपडत होतो. शेजारचा माणूस आशेनं डब्याकडे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, आंबलं असन आता ते, फेकून द्या."

गफूरभाईनं हंसराजालाही सोडलं नाही. विहिरीतून आलेलं, एवढ्या मेहनतीचं, तरी आधी बरणीत. मी म्हटलं, "गफूरभाई, यासाठी गावानं माहे पाय धरले." तो म्हणाला, "कानून सगळ्याले सारखा." बरणीत हंसराजानं नवा कोंब काढला, मुठीसारखा मिटलेला. मग कुठं तो पेटीत गेला, बरोबर मधोमध. झाकण लागलं.

आणि तो लागला. लागला म्हणजे असा लागला की पंधरा दिवसांत काळ्या दांड्यांवर नवी पानं उलगडली. सकाळी काचेवर धुकं धरायचं, दुपारी थेंब होऊन खाली यायचं, ना पाणी घालायचं ना काही. मी मनात म्हटलं, सुटलो. गफूरभाई दुकानात जाईल, मी माझ्या ओसरीत बसेन, आणि झाड या विषयावर मला मरेपर्यंत कोणी काही विचारणार नाही.

कसलं काय.

दुकानात फोन वाजायचा. भाभीचा. "पान पिवयं पडून राह्यलं." गफूरभाई हातातला काच कापायचा हिरा तसाच ठेवायचा, शटर अर्ध्यावर ओढायचा आणि घराकडे निघायचा. जाताना मला ओसरीतून उचलायचा, कारण झाड माझ्या विहिरीचं. आम्ही दोघं म्हातारे पेटीसमोर वाकायचो. मी सगळी पानं पाहायचो. हिरवी. विहिरीत होती त्याहून हिरवी. मी म्हणायचो, "काई नाई." गफूरभाई म्हणायचा, "नजर ठेवा लागन," आणि स्टूल ओढून बसायचा. मी परत यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

माझी दुपारची झोप गेली. दुकानात लोक यायचे, शटर अर्धं पाहून मला विचारायचे, मी काय त्याचा नोकर आहे का. एकदा तर एक माणूस आईचा फोटो काखेत धरून माझ्या ओसरीत येऊन बसला. म्हणाला, गफूरभाई कुठी गेले? आतून भिंतीपलीकडून गफूरभाईचा आवाज येत होता, कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता, ज्यानं फोटो उलटा फ्रेम करून नेला. आणि भाभीचं हसणं. हसली की खोकायची, खोकला थांबला की पुन्हा हसायची.

त्या दिवशी मी ठरवलं की हे आज संपवायचं. उठलो, सरळ आत गेलो. भाभी पलंगावर, गफूरभाई स्टुलावर, मधे पेटी. पेटीची काच आतून अशी धुक्यानं भरली होती की झाड दिसतच नव्हतं. मी दुपट्ट्यानं बाहेरून पुसली, पण धुकं आतलं, ते काय जाणार. मग काचेला नाक लावून पाहिलं. सगळं हिरवं.

"भाभी," मी म्हटलं, "दाखवा बरं. कुठी हाय पिवयं?"

तिनं हात उचलला आणि पेटीकडे बोट केलं. बोट कुठल्याच पानाकडे नव्हतं. बोट नुसतंच त्या दिशेला होतं. गफूरभाईनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि वाकून पाहिलं. ज्या माणसाला काचेवरचा केसाएवढा ओरखडा दुकानाच्या दारातून दिसतो, तो माणूस किती तरी वेळ वाकून पाहत राहिला.

"हाय," तो म्हणाला. "थोडं हाय."

भाभीनं पलंगावरची आपली चादर जराशी आत ओढून घेतली, कोणाला बसायला जागा व्हावी तशी. तो काही तिथं बसला नाही, मी होतो ना. आमच्या गल्लीत भर दिवसा बायकोजवळ काम नसताना बसणारा म्हातारा अजून जन्मला नाही. चहा मागायला बसतील, औषध द्यायला बसतील. नुसतं कोणी बसत नाही.

गफूरभाईनं माझ्याकडे पाहिलं. "मेश्रामभाऊ, तुमाले दिसते ना?"

मी आयुष्यात कोणाच्या हो ला हो केलं नाही. खदानीत साहेबानं दगड पांढरा म्हटला आणि तो मला करडा दिसला तर मी करडाच म्हटलं, आणि त्यापायी दोनदा घरी बसलो. मी पुन्हा वाकलो. चांगलं निरखून पाहिलं. एक पान पिवळं नव्हतं.

"दोन पानं हाय," मी म्हटलं. "खालून तिसरं बी धरून राह्यलं. एकट्यानं सोडू नका त्याले."

मग बाहेर आलो. माझ्या ओसरीत तो माणूस आईचा फोटो मांडीवर घेऊन अजून बसलेला होता. मी त्याला सोबत घेऊन दुकानापर्यंत गेलो, अर्धं शटर पूर्ण खाली ओढलं आणि सांगितलं, "उद्या या. आज गफूरभाई येत नाई. घरी झाड बिमार हाय."